पत्रा ठोकणाऱ्यास पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे: "पत्रा ठोकणाऱ्याला पत्र कशाला?" तरी लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहितेय. छपरावर दगड ठेवून निर्धास्त झोपणारं घर काही आमचं एकट्याचं नसणार.

तुम्हाला बोलावलं होतं ते एका गळतीसाठी. सीलंटची नळीसुद्धा मी आणून ठेवली होती. तुम्ही ती उचलून बाजूला ठेवलीत आणि छपरावर जायचं सोडून आत माळ्यावर चढलात, भर दुपारी, दिवा न लावता. "डोळे सरावू देत," म्हणालात. थोड्या वेळाने काळोखात पत्र्यावर चांदण्या दिसायला लागल्या. मी चार मोजल्या, तुम्ही अकरा. पाणी एका भोकातून शिरतं, वाशावरून ओघळत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं, हे तेव्हा कळलं. मी सीलंट जिथे फासणार होते तिथे भोक नव्हतंच!

मग दगडांवरून आपली जुंपली. तुमचं म्हणणं, वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, आणि सगळ्यात जास्त कडांना नि कोपऱ्यांना. मी म्हटलं, म्हणूनच तर वजन ठेवलंय. "वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दगड किती ठेवणार? आणि पत्रा सुटला की हेच दगड कुणाच्या तरी डोक्यात." खरं सांगते, राग आला होता. ते दगड सासऱ्यांनी स्वतः वर चढवले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. एक सैल स्क्रू काढलात आणि त्याचं रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवलंत. चिमटीत धरलं तर भुगा झाला. शेजारी नवं ठेवलंत; ते दाबून सोडलं की पुन्हा होतं तसं व्हायचं. त्यानंतर मी गप्प बसले आणि दगड खाली आले.

स्क्रू आवळायचा किती, हेही तुम्ही माझ्या हातानं करवून घेतलंत. वॉशर पत्र्यावर टेकून जरासं फुगलं की थांबायचं. चेपून बाहेर आलं तर तेच पुढे फाटणार. जुने खिळे उपटून तिथे स्क्रू घातलेत, कारण खिळा ओढला की सुटतो, स्क्रूला आटे धरून ठेवतात. कडेच्या ओळीत एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू होते, तिथे प्रत्येक उंचवट्यावर मारलेत.

माझ्या लेखी काम तिथे संपलं होतं. खरे आभार त्यापुढचे आहेत. तुम्ही पेचकस घेऊन एकेका वाशाचं टोक टोचत निघालात. वळचणीकडच्या तिसऱ्या वाशात तो मुठीपर्यंत आत गेला, भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा. वरून रंग मात्र ठणठणीत. पत्रा रिपेला पक्का, रीप वाशाला पक्की, पण वासा कुजका, आणि बाकीचे वासे भिंतीवर नुसते टेकलेले. "आता वारा पत्रे नेणार नाही, अख्खं छप्पर नेईल," एवढंच म्हणालात. तो वासा बदललात. प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीवरच्या आडव्या तुळईशी जखडलात आणि तुळई भिंतीशी बोल्टनं. हे मी सांगितलेलं नव्हतं, मला ते सुचलंही नसतं, आणि खालून कुणाला दिसतही नाही.

पन्हळीतला पाला, छपरावर घासणारी फांदी, अँटेनाचा डुगडुगणारा खांब, ही कामं तुम्ही जाता जाता उरकलीत. पण मागच्या दाराला दणकट अडसर बसवायला लागलात तेव्हा मी हसले होते. छपराच्या कामात दार कुठून आलं? वाऱ्याकडचं दार उघडलं की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून रेटतो, वरून ओढ असतेच. मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

पटलं ते वादळाच्या रात्री. ते मागचं दार पहाटेपर्यंत धडधडत होतं आणि मी अंथरुणात बसून त्या अडसराकडे बघत होते. वर पत्रे थरथरत होते, पण पत्रा सुटल्यावर जो फडफडाट होतो, तो एकदाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावर गेले. दिवा लावला नाही. डोळे चांगले सरावू दिले. एकही चांदणी नाही.

सीलंटची नळी अजून तशीच पडून आहे.

आपली,
अकरा भोकांची घरमालकीण