मर्टन यांची पत्रे मराठीत यावीत

संपादक महोदय,

थॉमस मर्टन हे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या गेथसेमनी मठाचे ट्रॅपिस्ट (कॅथलिक पंथातील कडक शिस्तीच्या एका संघाचे) संन्यासी आणि लेखक. मठात मौनाला मोठे स्थान, पण त्यांचा पत्रव्यवहार जगभर पसरलेला. तो आज लुईव्हिलच्या बेलार्माइन विद्यापीठातील मर्टन केंद्रात जतन केलेला आहे. रशियन लेखक पास्तरनाक, पोलिश कवी मिवोश, अमेरिकन समाजकार्यकर्त्या डोरोथी डे अशी मोठी नावे त्यात आहेत. तरी मला सर्वांत मोलाची वाटतात ती कराचीचे सूफी अभ्यासक अब्दुल अझीझ यांच्याशी १९६० पासून चाललेली पत्रे. कधीही प्रत्यक्ष न भेटलेले हे दोघे प्रार्थना, उपवास, ध्यान यांविषयी मनमोकळे लिहितात. मतभेद लपवत नाहीत आणि स्नेहही सोडत नाहीत.

१९६२ मध्ये वरिष्ठांनी युद्धाविषयीचे लेखन छापण्यास मनाई केली, तेव्हा मर्टन यांची अण्वस्त्रांविरोधातली पत्रे चक्रमुद्रित होऊन मित्रांमध्ये फिरत होती. ती आज वाचताना जुनी वाटत नाहीत, हीच काळजीची बाब.

इंग्रजीत निवडक पत्रांचे पाच खंड निघाले आहेत. निदान कराचीचा पत्रव्यवहार तरी एखाद्या मराठी प्रकाशकाने रीतसर परवानगी घेऊन मराठीत आणावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई