बंपरचा रंग का निघाला, याचं उत्तर मला द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बंपर-फेंडर रंगवण्याच्या किटवरची दिशाभूल करणारी माहिती आणि आजच्या फोनवरचा अपमान

आज दुपारी पावणेदोन वाजता चौथ्या फोनवर तुमच्या माणसाने मला गॅरेजचा रस्ता दाखवला. फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले.

तुमच्या किटमध्ये काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. काय नसतं, ते सांगते. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून प्रायमरच्या आधी मारायचा अ‍ॅडहीजन प्रमोटर त्यात नाही. तो वेगळा घ्यावा लागेल, असं पत्रकात एका शब्दानेही लिहिलेलं नाही. आणि खोक्यावर फोटो आहे तो खरचटलेल्या बंपरचा! खाली ठळक अक्षरांत ‘धातू व प्लास्टिक, दोन्हींसाठी’. माझी तक्रार एवढीच आहे, आणि चार फोनमध्ये ती कोणी ऐकून घेतलेली नाही.

गाडी माझ्या वडिलांची, सिल्की सिल्व्हर वॅगनआर. जानेवारीत सोसायटीच्या गेटच्या खांबाला डावी बाजू घासली. फेंडरच्या पत्र्याला पोचा आला आणि बंपरच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा रंग खरवडून खालचं काळं प्लास्टिक दिसायला लागलं. गॅरेजवाल्याने दोन पॅनेलचे साडेसात हजार सांगितले. विम्याचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो. म्हणून नाना पेठेतून तुमचं किट आणलं, २,८९० रुपयांना. बिल जोडलं आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, पार्किंगमध्ये फरशीवर पाणी शिंपडून काम केलं. साबणाने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. फेंडरला पुट्टी भरून ३२० नंबरच्या घासकागदाने घासली, मग दोन्ही भागांवर ६००चा वॉटर पेपर. प्रायमरचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटं थांबून. तो वाळल्यावर ८०० फिरवला. सिल्व्हरचे चार हात, शेवटचा जरा लांबून, म्हणजे चमकी एकसारखी बसते आणि ढग उठत नाहीत. वर क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक थराचे, तीन हात. दोन आठवडे गाडीला पाणी लावलं नाही. फेंडरकडे पाहून शेजाऱ्यांनी कोणत्या गॅरेजला दिली होती ते विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात बंपरवर एक खडा उडाला. टवका गेला तिथे नख लावलं, तर रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघत गेला. कुठवर निघाला ते लक्ष देऊन वाचा. जिथे कंपनीचा जुना रंग शाबूत होता तिथे तुमचा रंग घट्ट आहे. जिथे काळं प्लास्टिक उघडं होतं, बरोबर तेवढाच भाग निघाला. निघालेल्या सालीच्या मागे तुमचा राखाडी प्रायमर जसाच्या तसा आहे आणि बंपरवर त्याचा डागसुद्धा नाही. म्हणजे रंग प्रायमरला धरला, क्लिअर रंगाला धरला. प्रायमरने फक्त प्लास्टिक धरलं नाही. बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ अशी अक्षरं उठवलेली आहेत. पॉलिप्रोपिलीन. त्याला साधा प्रायमर चिकटत नाही हे रंग बनवणाऱ्या कंपनीला माहीत असायलाच हवं.

तरीही खात्री करावी म्हणून फेंडरच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने बारीक चौकटी पाडल्या आणि टेप लावून ओढली. एकही चौकट उचलली नाही. तोच दिवस, तेच कॅन, तोच हात.

पहिल्या फोनवर मला सांगण्यात आलं की हवा दमट असणार. फेब्रुवारीत, पुण्यात! दुसऱ्या वेळी फोटो मागितले, मी ११ पाठवले. तिसऱ्या वेळी कळलं की वापरलेलं किट बदलून मिळत नाही.

आजचा फोन मात्र सविस्तर लिहिते. बावीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर तुमचा माणूस आला.

“मॅडम, स्प्रे कोणी मारला होता?”

“मी.”

“नाही, म्हणजे प्रत्यक्ष काम कोणी केलं?”

“मीच केलं.”

थोडं थांबून तो म्हणाला, “घरात सर असतील तर त्यांना फोन देता का? जरा टेक्निकल आहे.”

मी सांगितलं, जे विचारायचं ते मला विचारा. त्याने विचारलं, कॅन हलवला होता का. हलवला होता, आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं. मग मी विचारलं, प्लास्टिकसाठीचा प्रमोटर किटमध्ये का नाही?

“मॅडम, प्रमोशनची ऑफर सध्या बंद आहे.”

त्याला तो शब्दच माहीत नव्हता. मी पुन्हा सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत. त्यावर उत्तर आलं, “प्रोफेशनल फिनिश पाहिजे तर गॅरेजलाच द्यावं लागतं. घरी केलं की असं होणारच.” खोकं माझ्या समोर होतं. त्यावरचं ‘घरच्या घरी व्यावसायिक फिनिश’ मी त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, हे मग कोणासाठी छापलंय? तो म्हणाला, “ते मार्केटिंगचं असतं, मॅडम.”

चार मिनिटांनी मेसेज आला : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कोणाचं समाधान झालं?

मी १४ वर्षं कसबा पेठेत गणपतीच्या मूर्ती रंगवते. कॉम्प्रेसर आणि गन रोज हातात असते. शाडू रंग पितो, प्लास्टरचं वागणं वेगळं, म्हणून अस्तर कशावर बसणार आहे ते पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणी डबा उघडत नाही. ही गोष्ट कामाला लागलेल्या पोराला पहिल्या सीझनमध्ये कळते. ‘सरांना फोन द्या’ म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं, याचा राग आहेच. त्याला हे शिकवून फोनवर बसवणं तुमचं काम होतं, याचा जास्त आहे.

आणखी एक, आणि हे माझ्या बंपरपेक्षा गंभीर आहे. तुमचा क्लिअर कोट कॅनच्या तळाचं बटण दाबून हार्डनर मिसळायचा आहे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. पत्रकात फक्त ‘मास्क वापरा’ एवढंच आहे. लोक कापडी मास्क लावतील, आणि कापडाने वाफ अडत नाही. मी कार्ट्रिजचा लावला, कारण मला माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याचं काय? शिवाय बटण एकदा दाबलं की उरलेला क्लिअर दोन दिवसांत वाया जातो, म्हणजे बंपर पुन्हा करायचा तर मला नवीन कॅन घेणं आलं.

किटचे २,८९० रुपये आणि बंपर पुन्हा रंगवण्याचा खर्च मला परत हवा आहे. खोक्यात प्रमोटर घाला, नाहीतर ‘प्लास्टिक’ हा शब्द आणि तो फोटो काढा. कार्ट्रिज मास्कची सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं तुम्हीच ऐकवता, तर आजचं रेकॉर्डिंग स्वतः बसून ऐका आणि मला लेखी माफी पाठवा. त्या मुलाला कामावरून काढू नका, त्याला शिकवा.

१५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दावा लावता येतो, एवढ्या रकमेला फी नाही, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा त्यातला सरळ मुद्दा आहे. खोकं, बिल, फोटो, तो मेसेज, सगळं जपून ठेवलं आहे.

वडील ही गाडी दर रविवारी स्वतः पुसायचे. तिच्या तोंडावरचा हा काळा डाग मी रोज पाहते आहे.

सोबत पाकिटात बंपरवरून निघालेली साल पाठवत आहे. ती उलटी करून मागची बाजू पाहा.

आपली ग्राहक,
कर्वेनगर, पुणे