होम सायन्सवाल्या कुठे गेल्या?

संपादक महोदय,

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. २००९ चे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन त्यात आहेत, फाइन आर्ट्सचे गुलाममोहम्मद शेख आहेत. ते असायलाच हवेत. पण होम सायन्स फॅकल्टीतले एकही नाव नाही.

मी त्याच फॅकल्टीची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढले, लग्नानंतर नाशिकला आले आणि अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. ‘होम सायन्स? म्हणजे चकल्या तळायची डिग्री?’ हा विनोद सासरी ऐकला, ऑफिसातही ऐकला. सांगणाऱ्याला दर वेळी तो नवाच वाटतो!

विद्यापीठ १९४९ चे. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, आणि ही फॅकल्टी त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. संविधान सभेत बसलेली, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर काम केलेली ही बाई मुलींना चकल्या शिकवायला फॅकल्टी काढेल का? साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितले होते की मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत, गृहशास्त्र मुलांनाही शिकवा. तेवढे मात्र कोणी मनावर घेतले नाही.

आता कर्तृत्वाचे बोलू. लहान बाळाची लापशी घट्ट केली तर त्याला गिळवत नाही, पातळ केली तर पोट पाण्यानेच भरते. आमच्या फॅकल्टीत प्रा. तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात यावर काम केले. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, हलके भाजून दळायचे. हे पीठ चमचाभर घेऊन गरम, पण उकळी बसलेल्या घट्ट लापशीत ढवळले की ती बघता बघता सैल होते, कारण मोडातले अमायलेज नावाचे एन्झाइम (पाचक द्रव्य) पिठातला स्टार्च तोडते. पाणी वाढत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत बाळाच्या पोटात जास्त अन्न जाते.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे गहू कुठला, तिथे नागली, म्हणजे नाचणी. मोडाच्या नागलीचे पीठही हेच काम करते. एका पाड्यावर करून दाखवत होते, तर एका आजीने माझे मनगटच धरले. ‘गुपचूप पाणी वतलं ना गं बाय?’ मग चमचा त्यांच्याच हातात दिला. लापशी सैल झाली तशी त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला बाजूला सारून स्वतःच समजावायला लागल्या.

असले काम करणाऱ्या आमच्या कितीतरी जणी आहेत. कोणी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात किडनीच्या रुग्णाचे मीठ-पाणी मोजते. कोणी फॅकल्टीच्या चेतन बालवाडीत मुले न्याहाळायला शिकली आणि पुढे स्वतःची बालवाडी काढली. स्नेहसंमेलनात शाली मात्र परदेशी गेलेल्यांना आणि पडद्यावर दिसलेल्यांना. फॅकल्टीचे नाव आता ‘फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस’ झाले आहे. पाटी भारदस्त झाली, शालींचा हिशोब जुनाच आहे.

लेखाचा दुसरा भाग येणार असे आपण छापले आहे. त्यासाठी बातमीदाराला बडोद्याला पाठवणार असाल तर या फॅकल्टीतही डोकावायला सांगा. आणि नाशिकला धाडलेत तर पीठ मी करून ठेवते.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका, नाशिक