कसब्याचा निकाल आज २००४ शी ताडून पाहता येत नाही : मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विधानसभा मतदारसंघांचे केंद्रनिहाय निकाल वापरण्याजोग्या स्वरूपात मिळण्याबाबत

महोदय,

मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या कसबा पेठ विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा २८ वर्षांनी भाजपचा गड पडला असे बहुतेकांनी मांडले. १९९५ पासून २०१४ पर्यंत गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ मध्ये मुक्ता टिळक आल्या. त्यांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ रोजी मतदान झाले आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपचे हेमंत रासने यांनी ही जागा परत घेतली. यातले एकही नाव किंवा साल चुकलेले नाही. तरीही ही मांडणी अपुरी आहे, कारण १९९५ चा कसबा आणि २०२३ चा कसबा यांच्या सीमा वेगळ्या आहेत.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पुण्याचा नकाशाच बदलला. शुक्रवार पेठ, भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ यादीतून गेले. कोथरूड, खडकवासला, वडगाव शेरी आले. कसब्याचे नाव तेवढे राहिले. नाव तेच राहिल्यामुळे वाचणाऱ्याला सलग इतिहास दिसतो, पण आकडे मात्र २००४ पाशी तुटतात. जुन्या यादी भागांपैकी (मतदार यादीच्या भागांपैकी) कोणते भाग आजच्या कसब्यात, म्हणजे २१५ क्रमांकाच्या मतदारसंघात आले आणि कोणते बाहेर गेले, याचा तक्ता असल्याशिवाय २००४ आणि २००९ शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पुनर्रचनेच्या आदेशात सीमा वॉर्ड आणि जनगणनेच्या गटांनी सांगितलेल्या असतात, मतदान केंद्रांनी नाही. त्यामुळे हा तक्ता बाहेरच्या माणसाने करायचा म्हटला तर अंदाजावर भागवावे लागते. तो आपल्याच यंत्रणेने करायला हवा.

दुसरी अडचण नमुना २० ची. हे अंतिम निकालपत्रक म्हणजे कोणत्या केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याची अधिकृत नोंद. ते संकेतस्थळावर दिले जाते ही चांगलीच गोष्ट आहे. पण बऱ्याचदा ते कागदाची छबी काढलेली पीडीएफ असते. पाने आडवी, शिक्क्याखाली आकडे झाकलेले, आणि उमेदवारांची नावे फक्त पहिल्या पानावर. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे. म्हणून एकाच पक्षाचा रकाना दर निवडणुकीत जागा बदलतो. अकराव्या पानावर कोणता रकाना कोणाचा, हे पहिल्या पानावरून मोजत यावे लागते.

अशी पाने संगणकाकडून वाचून घेतली की इंग्रजी अंकांतला तीन आठ होतो, एक सात होतो. ओळीची बेरीज ५, ५० किंवा ५०० ने चुकली की तीन-आठचा घोटाळा समजावा. ६, ६० किंवा ६०० ने चुकली की एक-साताचा. ओळ आणि रकाना दोन्हींच्या बेरजा घेतल्या तर चुकलेली चौकट सापडते. पण हे काम प्रत्येक अभ्यासकाने, प्रत्येक पत्रकाराने वेगवेगळे का करायचे? हे आकडे मुळात संगणकावर टंकलेले असतात. तीच एक्सेल फाइल सही-शिक्क्याच्या प्रतीसोबत चढवली तर प्रश्नच उरत नाही.

बेरजा जुळल्या तरी काही फरक राहतात आणि त्यांतून विनाकारण संशय वाढतो. टपाली मते केंद्रनिहाय नसतात. ती शेवटी वेगळ्या ओळीत येतात. ८५ वर्षांवरील आणि अपंग मतदारांनी नमुना १२-ड भरून घरून केलेले मतदानही टपालीतच मोजले जाते. पेठांमध्ये वृद्ध मतदार बरेच आहेत, त्यामुळे हा भाग दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तसेच, अभिरूप मतदानाची, म्हणजे मतदानाआधी यंत्र तपासण्यासाठी टाकलेली किमान ५० मते यंत्रातून पुसायची राहून गेली किंवा यंत्राने निकाल दाखवला नाही, तर ते यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात. २०२४ च्या निवडणुकांपर्यंत, विजयाचे अंतर अशा यंत्रांतल्या एकूण मतांइतके किंवा त्यांपेक्षा कमी असेल तरच व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजल्या जात, नाहीतर ती मते बेरजेत येतच नसत. त्यामुळे त्या निकालांत नमुना १७ सी (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) मधले झालेले मतदान आणि नमुना २० मधले मोजलेले मतदान यांत फरक दिसतो. नियमाप्रमाणेच झालेले असते, पण शेरा नसला की लोक नको ते तर्क करतात. म्हणून शेऱ्याचा रकाना सक्तीचा करावा.

केंद्रांचे क्रमांकही टिकत नाहीत. मतदार वाढले की सहायक केंद्र निघते, शाळा बंद पडली की इमारत बदलते, २०२४ मध्ये तर मोठ्या गृहनिर्माण संस्थांमध्येही केंद्रे आली. आता एका केंद्रावर १,५०० ऐवजी १,२०० मतदारांची मर्यादा ठरल्याने पुन्हा फेरमांडणी आहे. प्रत्येक यादी भागाला न बदलणारा एक संकेतांक द्या आणि भाग फुटला तर कशातून फुटला ते नोंदवा. मे २०२४ ची लोकसभा आणि नोव्हेंबरची विधानसभा यांच्यासाठी कसब्याची हद्द एकच होती. क्रमांक जुळते ठेवले तर सहा महिन्यांत कोणत्या गल्लीत काय बदलले ते थेट कळेल.

पोटनिवडणुकांनाही याच मालिकेत जागा हवी. कसब्यात त्या वगळल्या तर १९९१ आणि २०२३ हे दोन्ही काँग्रेसचे विजय गायब होतात. पक्षासोबत उमेदवाराचे नावही हवे. धंगेकर २००९ आणि २०१४ मध्ये इथूनच मनसेकडून लढले होते. फक्त पक्षाचा तक्ता पाहणाऱ्याला २०२३ मध्ये काँग्रेसची मते अचानक वाढलेली दिसतात. त्यातली उमेदवाराची स्वतःची मते किती, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

केंद्रनिहाय आकड्यांमुळे एखादी वस्ती कोणाकडे झुकली ते उघड होते, ही भीती खरी आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात, दहशतीची शक्यता वाटेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद नियम ५९-अ मध्ये होती. यंत्रांसाठी टोटलायझर (अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे उपकरण) आणावा असे निवडणूक आयोगानेच सुचवले होते आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. आम्हीही त्या बाजूचे आहोत. पण आज पक्षांकडे मोजणी प्रतिनिधींनी उतरवलेले आकडे असतातच. किचकट पीडीएफमुळे वस्तीला संरक्षण मिळत नाही, फक्त सामान्य नागरिक आकड्यांपासून दूर राहतो.

२०२७ च्या जनगणनेनंतर सीमा पुन्हा बदलू शकतात. म्हणून पुणे शहराच्या आठ मतदारसंघांपासून, २०८ ते २१५, सुरुवात करावी : २००९ पासूनच्या सर्व विधानसभा, लोकसभा आणि पोटनिवडणुका, केंद्राचे नाव-पत्ता, एकूण मतदार, प्रत्येक उमेदवाराची मते, नोटा (२०१४ पासून), टेंडर व्होट (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यावर मतदाराने दिलेले मत) आणि शेरा. २००४ ला सगळीकडे यंत्रेच होती, त्यामुळे त्या वर्षीचे केंद्रनिहाय कागद जिल्हा निवडणूक कार्यालयात जे शिल्लक असतील ते आधी स्कॅन करून घ्यावेत.

आपले,
निवडणूक आकडेवारीचा अभ्यास करणारे पुण्यातील नागरिक