आपलं रॉकेट, त्यांचा सॅटेलाइट आणि आमचा डोंगर

मा. संपादक साहेब, स.न.

परवा तुमच्या पेपरात वनक्षेत्राच्या आकड्यांची बातमी वाचली, म्हणून लिहितोय. राज्यात जंगल किती हे आपल्याला दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या सरकारी अहवालातून कळतं, आणि त्यात एक हेक्टरच्या वर जागा नि १० टक्क्यांच्या वर झाडोरा असला की झालं वनाच्छादन, मग ती आमराई असो, माडाची बाग असो नाहीतर आमच्या दोडामार्गाकडचं रबर. म्हणजे खरं रान साफ करून रबर लावलं, ते जरा वाढलं, की कागदावर काही गेलेलंच नसतं!

आता ब्राझील बघा. २८ फेब्रुवारी २०२१ ला श्रीहरिकोटाहून आपल्या पीएसएलव्ही रॉकेटनेच त्यांचा अमेझोनिया-१ सॅटेलाइट सोडला, आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, पण तो अमेझॉनमधली जंगलतोड बघायला गेलाय हे किती जणांना माहिती होतं? त्यांची इन्पे ही अंतराळ संस्था १९८८ पासून दरवर्षी तोड मोजते, शिवाय २००४ पासून 'डेटर' नावाची अलर्ट सिस्टीम आहे, आणि नकाशे सगळ्यांना फुकट, पत्रकार असो की कॉलेजातलं पोर. त्या डेटरला पुढे आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट या सॅटेलाइटचे फोटोही लागले, म्हणजे कॅमेरा आपला आणि उजेड त्यांच्याकडे.

नुसत्या फोटोने झाड वाचत नाही हे मलाही कळतं. अलर्ट आला की इबामाची, म्हणजे त्यांच्या सरकारी पर्यावरण खात्याची, माणसं जागेवर जायची, दंड, तोडलेली जमीन वापरायला बंदी, आणि २००८ पासून तर पर्यावरणाचे कागद नीट नसतील तर बँकेचं शेतीकर्जच अडायला लागलं, तेव्हा कुठे फरक पडला. २००४ ला २७,७७२ चौ.कि.मी. तुटलं होतं, २०१२ ला ४,५७१. तोडणारेही काही कमी नाहीत, डेटरला सुरुवातीला २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा नीट दिसायचा नाही म्हटल्यावर ते लहान लहान तुकडे पाडायला लागले, मग जास्त बारीक दिसणारे फोटो आणावे लागले.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते २०१९ चं प्रकरण. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले आकडे खोटे आहेत, इन्पेचे प्रमुख रिकार्दो गॅल्व्हाओ गप्प बसले नाहीत, ऑगस्टमध्ये त्यांची नोकरी गेली. पण डेटा उघडाच होता, प्रमुख बदलला म्हणून नकाशा थोडाच बदलतो, २०२१ ला तोड १३ हजार चौ.कि.मी.वर गेली ती सगळ्या जगाने बघितली. सरकार बदललं, २०२४ च्या मोजणीत ६,२८८.

आपल्याकडे जमत नाही असंही नाही. जंगलात आग लागली की सॅटेलाइटवरून मोबाईलवर अलर्ट येतो, कोणीही नाव नोंदवू शकतो. मग तोडीचा का नको, सर्व्हे नंबरासकट? खाजगी जमीन आहे, मालकी आहे, सगळं मान्य, पण कुठे किती तुटलं हे तरी दिसू दे की. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून हायकोर्टाची वृक्षतोडबंदी आहे, तिथे तरी सुरुवात करा.

आमच्या घरामागच्या डोंगराचे जुने फोटो मी गुगल अर्थवर एकेक वर्ष मागे जाऊन बघितले, हिरवं, हिरवं, मग एकदम तांबडी माती. तेव्हा कोणाला अलर्ट गेला होता का, एवढं तुमच्या बातमीदाराने वनखात्याला विचारून छापावं.

आपला एक वाचक,
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग