वहिनी, गप्प राहिल्याबद्दल आभार

प्रिय वहिनी,

घरातल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, असं दादा म्हणतो. पण 'द व्हॅम्पायर डायरीज' या मालिकेतल्या रक्तपिपासू मंडळींना वेळीच रक्तपेढीचं कार्ड काढून दिलं असतं तर आठ सीझन लागलेच नसते, असंही तोच म्हणतो. त्यामुळे त्याचं फार मनावर घेत नाही.

पत्र उघडं आहे, कोणीही वाचेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. वहिनींनी जे पोटात ठेवलं होतं ते मी पुढे सगळं बोलून टाकणार आहे.

पाय प्लास्टरमध्ये, चिडचिड सगळ्या घरावर, अशा अवस्थेत तुम्ही मला पहिला सीझन लावून दिलात. मी नाकं मुरडली. डायरी लिहिणारी मुलगी एलेना, स्मशानातलं धुकं, वर तो कावळा! तुम्ही एवढंच म्हणालात, "सहाव्या भागापर्यंत बघ, मग बोल." सहाव्या भागात १८६४ सालची, हुबेहूब एलेनासारखी दिसणारी कॅथरीन आली आणि माझी बोलती बंद झाली.

पण खरे आभार त्याचे नाहीत, त्या "हं"चे आहेत. एलेनावर जीव टाकणारे दोन व्हॅम्पायर भाऊ, स्टीफन आणि डेमन. मी पहिल्यापासून स्टीफनच्या पार्टीतली. डेमन कितीही देखणा असला, कितीही टोमणे मारत असला तरी माझा मुद्दा पक्का होता: एलेनाच्या आयुष्यात स्टीफन आधी आला. शाळेच्या कॉरिडॉरमधली ती टक्कर तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही आधी, २३ मे २००९ च्या रात्री विकरी पुलावरून गाडी नदीत पडली तेव्हा तिला बाहेर काढलं ते स्टीफननंच. डेमन मागून आलेला, विषय संपला. हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल! दर वेळी तुम्ही म्हणायचात, "हं." तुम्ही डेमनवाल्या, तरी वाद नाही, खवचट हसणं नाही. मी फोनवर पात्रांची नावं शोधायला लागले की मात्र "इकडे दे तो" म्हणून फोन काढून घ्यायचात. तेव्हा मला ती मास्तरकी वाटायची.

मग तिसऱ्या सीझनचा बाविसावा, शेवटचा भाग आला. तुम्ही पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होतात. एलेनाचा जुना मित्र मॅट गाडी चालवतोय, शेजारी एलेना. क्लाउस हा आद्य व्हॅम्पायर मेला असं सगळ्यांना वाटतंय, म्हणजे त्याच्या वंशातले सगळे व्हॅम्पायर थोड्याच वेळात मरणार. डेमन एका दिशेला, स्टीफन आणि बाकीचे गावात. वेळ एकाच्याच निरोपापुरता. ती डेमनला फोनवर सांगते की मी स्टीफनकडे जातेय. मी जिंकल्याच्या आवेशात तुमच्याकडे बघितलं, तर तुमच्या हातात दादाचा शर्ट एका बाहीवर तसाच थांबलेला, आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतात.

पुढचं वाक्य माझंच होतं की हो! आपण दोघं आधी भेटलो असतो तर कदाचित वेगळं झालं असतं, असं एलेना त्याला म्हणते. डेमन क्षणभर थांबतो, पण खरं काय ते सांगत नाही. नंतर मॅटची गाडी त्याच विकरी पुलावरून पडून पाण्याखाली असताना आपल्याला दाखवतात की ते आधीच भेटले होते. त्याच २३ मेच्या रात्री, रानातल्या पार्टीतून निघून ती रस्त्यावर एकटी उभी आहे, आणि तो आधी तिला कॅथरीन समजतो. दोन-चार वाक्यांत तिला आयुष्याकडून काय हवंय ते तो ओळखतो. तेवढ्यात तिच्या आई-बाबांच्या गाडीचे दिवे दिसतात, आणि तो व्हॅम्पायरच्या मोहिनीनं, डोळ्यांत बघून तिला ही भेट विसरायला लावतो. आपण गावात आलोय हे कुणाला कळायला नको म्हणून. म्हणजे तीन सीझन ही गोष्ट फक्त डेमनला माहीत होती. आणि आमच्या घरात फक्त तुम्हाला.

ते "हं" तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला त्या मिनिटाला कळलं. वाद एका वाक्यात जिंकता आला असता. पण ते वाक्य तुम्ही बोलला असतात, तर तो फोन माझ्यासाठी नुसता फोन झाला असता.

याच भागातली दुसरी जागा मला तुमच्याशिवाय दिसली नसती. अ‍ॅलॅरिक हा डेमनचा मित्र, पण आता तोच डेमनला मारतोय, हात उगारलेला, आणि अचानक त्याचाच जीव जायला लागतो. "थांब, पटकन पुढे नको ढकलूस," तुम्ही म्हणालात. अ‍ॅलॅरिकचा जीव एलेनाच्या जिवाशी जादूनं बांधलेला होता. ती बुडून गेल्याचं डेमनला कुणी येऊन सांगत नाही, फोनही येत नाही. मित्र त्याच्या हातात कोसळतो आणि त्यावरूनच त्याला ते कळतं. मृत्यूची बातमी देण्याची अशी रीत मी तरी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिली नाही.

शवागारात तिनं डोळे उघडले आणि मी रिमोटकडे झेपावले. तुम्ही तो उशीखाली घातलात. "आम्ही १० मे २०१२ पासून ऑक्टोबरपर्यंत थांबलो होतो, तू सकाळपर्यंत थांब." दुष्टपणा होता तो, पण तसा केलात म्हणून बरं झालं. रात्रभर पुलावरचे ते दोन अपघात डोक्यात घोळत राहिले. पहिल्यात पाण्याखाली वडील खुणेनं सांगतात, आधी मुलीला काढ. दुसऱ्यात तीच मुलगी त्याच स्टीफनला खुणेनं सांगते, आधी मॅटला काढ. दोन्ही वेळा त्यानं ऐकलं. पुढचा भाग लगेच लागला असता, तर ही जोडी माझ्या लक्षातच आली नसती.

तर वहिनी, मनापासून आभार. फोन हिसकावल्याचे, रिमोट लपवल्याचे, आणि त्या प्रत्येक "हं"चे.

एवढं मात्र मान्य नाही: डेमन असता तर त्यानं एलेनालाच आधी काढलं असतं आणि तेच बरोबर होतं, हे तुमचं म्हणणं. तिनं स्वतः मॅटकडे बोट दाखवलं होतं. तिचं ऐकायचंच नाही, हे कसलं प्रेम? रविवारी येताय ना, तेव्हा बोलू. आणि या वेळी नुसतं "हं" चालणार नाही.

तुमची,
स्टीफनवाली नणंद