कागद तं तेच होते

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की खेड्यात आता जातपात काही राहिली नाही, फक्त अॅडमिशनच्या फॉर्मवर राहिली आहे. वाचून थोडं ओशाळल्यासारखं झालं, कारण हेच वाक्य मी पानठेल्यावर बसून पंधरा वर्षं तरी बोलत आलोय, आणि अगदी मनापासून.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. नऊ एकर वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस आन् तूर, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. त्यामुळे कोणी म्हटलं की बाबा तुला जातीचा फायदा आहे, तर डोकंच फिरायचं. कुठचा फायदा? बोंडअळीने काय आडनाव पाहून सोडलं का मला?

आमच्याकडे बरीच वर्षं दलित वस्तीतले एक सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेले शेतमजूर, होते, मागच्या साली वारले. त्यांच्या बायकोने संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरला, महिन्याला 1500 रुपये मिळतात त्यात, पण वर्षाचं उत्पन्न 21 हजाराच्या आत असल्याचा दाखला पाहिजे, मृत्यूचा दाखला पाहिजे, हे पाहिजे ते पाहिजे. सगळं जमवलं बिचारीने. तरी चार महिने चकरा सुरूच, कधी साहेब नाही, कधी सर्व्हर डाऊन, कधी म्हणे झेरॉक्स पुसट आहे. प्रत्येक चकरेला निंदणाची रोजी बुडते आणि एसटीचे पैसे लागतात, अर्धं तिकीट का असेना. एक दिवस मला तालुक्याला कामच होतं, म्हटलं चला मी येतो.

तिथल्या ऑफिसातल्या बाबूला मी जन्मात कधी भेटलो नव्हतो. आडनाव सांगितलं तर म्हणतो, "या पाटील, बसा." खुर्ची सरकवली, चहा सांगितला, यंदा तुरीला भाव काय म्हणतो वगैरे, आणि बोलता बोलता तोच फॉर्म, तेच पुसट झेरॉक्स, शिक्का मारून पोच हातात दिली. दहा मिनिटं. ती बाई तेवढा वेळ दाराजवळ उभी होती, हे माझा चहा संपल्यावर माझ्या ध्यानात आलं. येताना गाडीवर मी आपला खुशीत, की आता ही दोन शब्द चांगले बोलेल. नाल्याजवळ आल्यावर ती मागून एवढंच म्हणाली, "भाऊ, कागद तं तेच होते."

खरं सांगतो, तेव्हा मला रागच आला होता. म्हटलं काम करून दिलं आणि वरून हे ऐका. दोन-तीन दिवस गेले मग हळूहळू टोचायला लागलं. तिचा नवरा माझ्या बापाच्या वयाचा, पण मी हाफपँटमध्ये होतो तेव्हापासून त्यांना 'ए' म्हणूनच हाक मारायचो आणि ते मला 'पाटील' म्हणायचे. आता या पत्रात 'सालदार होते' लिहितोय, जिवंतपणी एकदाही काका म्हणालो नाही. कोणी शिकवलं नव्हतं मला हे, घरात सगळे तसंच बोलायचे.

2020 च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, आमच्याकडे पण पाटी बदलली, पण गॅसच्या गाडीवाल्याला पत्ता सांगताना तोंडात जुनंच नाव येतं. संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला सगळे एका सतरंजीवर बसतात आणि प्रार्थना संपली की ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. आमच्या समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात पंजाबराव देशमुखांच्या फोटोला हार असतो, देशाचे कृषिमंत्री होते म्हणून छाती फुगवून सांगतो आम्ही. पण 1927 ला अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना जाऊ द्या म्हणून सत्याग्रह झाला आणि हेच पंजाबराव, आमचे भाऊसाहेब, त्यात त्यांच्या बाजूने उभे होते, हे त्या कार्यक्रमात मी तरी एकदाही ऐकलं नाही. आणि ज्यांना हे सगळं जुनं वाटते त्यांच्यासाठी, वाशीम जिल्ह्यातल्या कळंबेश्वरला बायकोला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून एका दलित मजुराने एकट्याने चाळीस दिवस खणून स्वतःची विहीर केली, ते साल 2016 होतं. तेव्हा आपल्या सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले होते.

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. आमच्या बाजूच्या स्मशानाला शेड, बोअर आणि सिमेंट रोड झाला, ठराव दोन मिनिटांत पास. दलित वस्तीचं स्मशान नाल्याच्या काठाला आहे, पावसाळ्यात वर ताडपत्री धरून लाकडं पेटवावी लागतात. मी विरोध केला असं नाही हो. मला तो विषय सुचलाच नाही. माझ्या घरचं कोणी तिकडे जात नव्हतं ना.

यंदा पोळ्याला एक केलं. गावात बैलांची मानाची जोडी आमच्या घरची, तोरणाखाली पहिली तीच लागते. आता बैल धुवायचे, खांदशेकणी करायची, शिंगांना बेगड लावायची हे सगळं आमच्या नव्या सालदारानं करायचं आणि तोरण तुटायच्या वेळी कासरा माझ्या हातात, असंच चालत आलं. यंदा कासरा त्याच्याच हातात ठेवला आणि मी बाजूला उभा राहिलो. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे मध्येच थांबले. मोठा भाऊ घरी येऊन म्हणे, "तुले पुढच्या इलेक्शनले उभं राह्याचं हाय का?" अजून धड बोलत नाही माझ्याशी. त्या सालदाराला पण फार आवडलं असं नाही, तोही घाबरलाच होता, रात्री म्हणे मालक पुढच्या साली नका करू. म्हणजे माझ्या हौसेचा ताप त्यालाच, हे पण खरं. 'मालक' म्हणू नको सांगितलं तर हसतो नुसता.

आता 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाला एकच स्मशान असावं हा विषय मांडायचा आहे. वस्तीतल्या लोकांना आधी विचारलं, ते म्हणाले पाटील तुम्ही तुमच्या आळीतल्या सह्या आणा, आमच्या तर कधीच्या आहेत. फिरतोय सध्या. आतापर्यंत चार जण तयार झालेत, त्यातले दोघं म्हणतात सही करतो पण आमचं नाव पहिलं लिहू नका.

आपला एक वाचक,
जि. यवतमाळ